कट्ट्यावर बसलेले गुडघे

दर रविवारी काकीचा फोन येतो. मी साताऱ्यात दवाखाना चालवते आणि ती असते शिराळ्याजवळच्या आमच्या गावात. "कशी आहेस?" असं मी विचारते. "बरं हाय," ती म्हणते. लगेच मी म्हणते, काकाला फोन दे. मग तिचा पारा चढतो. "म्हंजी माज्या बोलन्यावर इस्वास न्हाई व्हय तुजा?" नाही, मी तोंडावर सांगते, अजिबात नाही. काका फोन घेतो आणि काकी काय जेवली, पोटात जळजळलं का, दुपारी आडवी झाली होती का, ते सगळं सांगतो. मागून तिचं पुटपुटणं चालूच असतं. जिनं मला वाढवलं तिच्यावर अशी पाळत ठेवायची म्हणजे मलाच कसंतरी होतं, पण दुसरा मार्ग तिनं ठेवलेला नाही.

सांगलीतल्या ज्या कॉलेजात मी आयुर्वेदाचं एम.डी. केलं, तिथल्या लायब्ररीत माझा प्रबंध आहे. कुणी उघडत नाही, धूळ खात पडलाय. विषय गुडघेदुखी. शेवटी लिहिलंय की आम्ही दिलेल्या गोळ्यांचा उपयोग दिसून आला नाही. ते खरं आहे आणि ते लिहायला मला काय काय करावं लागलं ते पुढं येईलच. पण त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे, 'कोणताही दुष्परिणाम आढळला नाही.' ती धडधडीत खोटी आहे. लिहिली तेव्हा मला ते माहीत नव्हतं. कळल्यावर मी ती दुरुस्त करून घ्यायला कॉलेजात गेले. तिथला क्लार्क म्हणाला, "मॅडम, पास झालात ना? मग आता कशाला उकरताय?" माझं डोकंच फिरलं. भांडभांड भांडले, पण पास झालेल्याचा प्रबंध बदलायची सोयच नाही म्हणे. ओळ आहे तशीच आहे.

माझे वडील फौजेत. दर दोन-तीन वर्षांनी बदली, आई त्यांच्याबरोबर, आणि माझी शाळा सारखी बुडायला नको म्हणून मी गावाकडं चुलता-चुलतीजवळ. काकी शाळेत गेलेली नाही. पण मी अभ्यासाला बसले की ती रेडिओ बंद करायची, कोंबड्या हाकलायची, आणि दारात कुणी मोठ्यानं बोललं तर त्याची खैर नसायची. "पोरगी वाचतीया, दिसत न्हाई व्हय?" असं ती सरपंचालासुद्धा बोललेली आहे. मी डॉक्टर व्हावं हे तिनं मनात धरलं होतं. वडलांनी नव्हतं धरलं, त्यांना वाटायचं बँकेत लागावी. उसाच्या सरीत उकिडवं बसून तण काढून, भांगलून भांगलून काकीचे गुडघे गेले होते. जात्यासारखे वाजायचे. त्या आवाजावरून ती कुठल्या खोलीत आहे हे मला कळायचं.

एम.डी.ला प्रबंधाची वेळ आली तेव्हा आमच्या सरांनी गुडघेदुखीचा विषय दिला. कॉलेजातच तयार केलेल्या गोळ्या होत्या, त्या द्यायच्या. आधी दुखणं किती, नंतर किती, ते विचारायचं. तुलनेला दुसरा गट नाही, काही नाही. सर मूळचे साताऱ्याकडचे, शिकवायला उत्तम आणि स्वभावानं गरीब. ते म्हणाले, "शहरातले पेशंट मध्येच सोडून जातात. तू तुझ्या गावातच कर. ओळखीच्या बायका शेवटपर्यंत टिकतात." मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. आणि खरंच, शेवटपर्यंत एकही बाई गळाली नाही.

गोळ्या द्यायला मीच आणि विचारायलाही मीच. आमच्याकडं एक तक्ता असतो, त्यावर शून्यापासून दहापर्यंत चेहरे काढलेले. शून्याचा चेहरा हसरा, दहाचा रडका. बाईनं आपल्या दुखण्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. मी एसटीनं गावाला जायचे आणि देवळाच्या सभामंडपात तक्ता मांडून बसायचे. बायका घोळक्यानं यायच्या आणि आधी मलाच निरखायच्या. "वाळलीस गं. खानावळीचं खातीस व्हय?" मग तक्ता बघून हसायच्या. "ह्यो रडका तर आमच्या मालकावानी दिसतोय." पहिल्या खेपेला सगळ्यांनी आठ-नऊवर बोट ठेवलं. ते खरं होतं, मला शंका नाही. गोळ्या सुरू केल्यानंतरच्या खेपेला पलीकडच्या आळीतल्या म्हातारीनं माझ्याकडंच बघून विचारलं, "तुला कितीवर पायजे बोट?"

"अगं आजी, मला काही नको. तुला कसं वाटतंय ते सांग."

"तसं न्हवं. पास व्हायला किती लागत्यात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसण्यावारी नेलं, झालं. म्हातारीनं दोनच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि तिच्यामागच्या सगळ्यांची बोटं दोन-तीनवर आली. काकीनं तर थेट शून्यावर ठेवलं. "येकदम मोकळं झाल्यात बग," म्हणाली. मी पोटाचं, जळजळीचं, पित्ताचंही विचारलं, ते विचारावंच लागतं. "छ्या! पोटाला काय धाड भरलीया?" ती म्हणाली.

आमच्याकडं लेक माहेराहून रिकाम्या हातानं जात नाही. लग्न झालेली असो नसो, शिकायला बाहेर असली तरी ती लेकच. त्या प्रत्येक खेपेला परतताना माझ्या पिशवीत प्रत्येक घरचं काहीतरी असायचं. शेंगा, गूळ, शेवयाची पुडी, कुणाचं लोणचं. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसायला लागायचं. पिशवीत ते आकडेही त्याच हातांनी घातले होते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. त्या बायकांना वाटलं, पोरगी काहीतरी मागायला आलीय, आणि आपल्याकडं आहे तर द्यायला काय जातंय? दिलं त्यांनी, आणि हात राखून नाही दिलं.

सर आकडे बघून खूश झाले. कोल्हापूरला परिषद होती, तिथं त्यांनी मला उभं केलं. मी पडद्यावर आलेख दाखवला. दुखणं कसं सर्रकन खाली आलंय, बघा. टाळ्या पडल्या. परिषदेच्या पुस्तिकेत ते छापूनही आलं, फोटोसकट. काकानं तो फोटो मोबाइलवर गावाच्या ग्रुपला टाकला आणि काकीनं म्हणे घरोघरी पेढे वाटले. ती पुस्तिका अजून कुठं कुठं सापडते आणि तिच्यातला आलेख लोक अजून वापरतात. परवाच एका गोळ्यांच्या जाहिरातीत मी तो बघितला, खाली माझं नाव नव्हतं एवढंच नशीब.

मग श्रावण लागला आणि मी नागपंचमीला घरी गेले. शिराळ्याची पंचमी बघायला लोक लांबून येतात, पण आम्हाला आमच्या गावचीच प्यारी. वारूळ पुजून झालं की देवळापुढं बायकांचा फेर. झिम्मा, फुगड्या, झाडाला झोका. मी लहान असताना तिथं काकी उतरली की बाकीच्यांनी कडेला व्हायचं, अशी ती खेळायची. त्या दिवशी फेर रंगला, गाणी सुरू झाली, पण त्यात सगळ्या तरण्या सुना आणि पोरी. माझ्या प्रबंधातल्या बायका कुठं होत्या? देवळाच्या कट्ट्यावर. ओळीनं बसल्या होत्या, पाय लांब करून, गुडघ्यांवर हात फिरवत. दोनवाल्या, तीनवाल्या, सगळ्या. आणि मधोमध शून्यावाली माझी काकी.

मी गेले आणि म्हणाले, "उठा की गं. तुमचे गुडघे तर बरे झालेत ना?"

सगळ्यांनी एकमेकींकडं बघितलं. ती पलीकडच्या आळीतली म्हातारी म्हणाली, "आगं बाय, ते तुज्या कागदात. हितं कसलं बरं आन् कसलं काय." आणि खदाखदा हसली. तिला वाटलं, मला ठाऊकच आहे. आपण दोघी मिळून सरकारला गंडवलं, असा तिच्या चेहऱ्यावर आनंद होता.

मी हसू शकले नाही. तिथंच, सणाच्या दिवशी, फेर चालू असताना, मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही खोटं सांगितलं. तुमच्या खोट्यामुळं उद्या कुणीतरी या गोळ्या विकत घेईल. तुमच्यासारख्याच बायका घेतील, शेंगा विकून आलेल्या पैशातून. माझा आवाज वाढला आणि गाणं थांबलं. म्हातारीचं हसू मावळलं. "म्हंजी आमी खोटारड्या व्हय?" ती म्हणाली. "लेकीचं काम व्हावं म्हून केलं, तर आमीच खोटारड्या." ती उठायला लागली. दोघींनी धरून तिला उठवावं लागलं. मी बोलले त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि ते तिथं बोलायला नको होतं. त्यानंतर माझ्या पिशवीत पूर्वीसारखं काही पडलं नाही. परत येताना पिशवी मांडीवर घ्यायला लागली नाही, एवढी हलकी.

रात्री जेवताना काकीनं दूधभात घेतला. भाकरी नाही, मिरचीचा खर्डा नाही. खर्ड्याशिवाय घास न उतरणारी बाई! मी विचारलं. "सरावन हाय न्हवं? उपास धरलाय," ती म्हणाली. ती जरा वाळलेलीही वाटली. पण माझं लक्ष माझ्या रागात होतं. श्रावणात कोण ना कोण काहीतरी धरतंच, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

सांगलीला परतल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "परिषदेचं छापलं ते छापलं. ते परत घेता येत नाही. आणि घ्यायचं म्हटलं तरी कोण ऐकणार? पण प्रबंध तुझा आहे. खरं लिहायचं तर पुन्हा सगळं करावं लागेल. वर्ष वाया जाईल." मी म्हणाले, जाऊ दे. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. सरांनी एकच अट घातली, यावेळी विचारायला मी जायचं नाही. ते बरोबरच होतं.

माझ्या मागच्या वर्गात कुपवाडची एक मुलगी होती. जैन घरातली, वडलांचा एमआयडीसीत छोटा कारखाना, बोलायला तुटक. आमच्या गावात तिचं नात्याचं ना गोत्याचं कुणी. तीच हवी होती. बायकांना पुन्हा गोळ्यांचा तेवढाच कोर्स दिला, आणि तक्ता घेऊन ती स्कूटरवरून जायची. मी गावात पाऊलही ठेवलं नाही. आता बायकांच्या बोटांना काही कारण उरलं नव्हतं. परकी पोर विचारतेय तर सांगा काय ते. बोटं आठवर गेली, सातवर गेली, काहींची नऊवर. एकदाचं खरं बाहेर आलं. गोळ्यांनी काही म्हणजे काही होत नव्हतं.

फक्त एक बोट शून्यावर होतं.

"तुझी काकी किती गोड आहे गं," कुपवाडची मुलगी येऊन म्हणाली. "मला जेवल्याशिवाय सोडलंच नाही. तिचे गुडघे खरंच बरे झालेत बहुतेक. पोटाचं विचारलं, तर म्हणाली काही नाही."

मी काकीला फोन केला. ती फुशारकीनं म्हणाली, "तुजी तपासनी करायला धाडली हुती न्हवं ती? म्या वळिकलं. बाकीच्या बोलल्या आसतील काय बी. म्या काय दाद दिली न्हाई."

मी कपाळावर हात मारला. "काकी, अगं ती तपासणी नव्हती. खरं सांगायचं होतं."

"खरंच सांगितलं की."

"गुडघे दुखत नाहीत?"

"न्हाईत."

"पोटात काही?"

"बरं हाय गं. तू अब्यास कर."

एका बाईच्या शून्यानं माझा निष्कर्ष बदलत नव्हता. तिचा आकडा मी तसाच लिहिला, कारण तिनं सांगितलेला आकडा बदलायचा मला काय अधिकार? नियमानं बरोबर केलं मी. आणि दुष्परिणामाच्या रकान्यात, कुणीच काही सांगितलं नाही म्हणून, ती ओळ लिहिली. त्या घरात वाढलेली मी, तिच्या गुडघ्यांचा आवाज ओळखणारी. एक दिवस जाऊन तिच्या चुलीपाशी बसले असते तर कळलं असतं. पण मी गेले तर पुन्हा पक्षपात होईल, म्हणून गेले नाही. पक्षपात करायला हवा होता, असं आता वाटतं.

मी पास झाले. गोळ्यांचा उपयोग होत नाही असा लेख मी एका नियतकालिकाला पाठवला, तर तो परत आला. यातून वाचकांना नवीन काय मिळणार, असं त्यांनी विचारलं होतं. मी आणखी कुठं पाठवायला हवा होता. आज पाठवू, उद्या पाठवू, करता करता राहिलं.

निकालाचं काकीला फोनवर सांगितलं तर तिनं पहिला प्रश्न विचारला, "कागुद आला का?" मी म्हणाले, तो काही महिन्यांनी येतो. "मग आजून काय खरं न्हाई," ती म्हणाली. वाटणीच्या वेळी सातबाऱ्यावर नाव चढवायला काकाबरोबर तिनं तलाठ्याच्या किती फेऱ्या मारल्या होत्या, हे मी लहानपणी बघितलं होतं. तोंडी झालेलं तिच्या लेखी झालेलंच नसायचं. पुढं डिग्री पोस्टानं आली. तेव्हा मी साताऱ्यात दवाखाना लावण्याच्या गडबडीत होते. फ्रेम करून भिंतीवर टांगली. काकीला सांगायचं राहून गेलं. एवढंसं तर काम होतं.

आणि एक दिवस काकाचा फोन आला. काकी न्हाणीत चक्कर येऊन पडली होती. शौचाला काळं होत होतं, अंगात रक्त उरलं नव्हतं. शिराळ्याहून तिला तडक मिरजेला हलवलं होतं. मी पोचले तेव्हा ती कॉटवर पडली होती, पांढरीफटक, हाताला रक्ताची पिशवी लावलेली. दुर्बिणीतून बघितलं तर जठरात जुना व्रण. तो त्या गोळ्यांनीच झाला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काळा चहा, उपास, गुडघ्यांसाठी दुकानातून आणून खाल्लेल्या पांढऱ्या गोळ्या, काहीही असेल. एका बाईवरून काही सिद्ध होत नसतं, हे मीच कॉलेजात शिकले. पण ते सांगायला आधी त्या एका बाईनं तोंड तर उघडायला हवं होतं.

तिथला तरुण डॉक्टर कागद घेऊन शेजारी उभा राहिला. "आजी, पोटात आग कधीपासून होतेय?"

काकीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. ओठ घट्ट मिटलेले. काका म्हणाला, "आगं सांग की. मला बी कवा बोलली न्हाईस." शिराळ्याच्या डॉक्टरकडंसुद्धा ती कधी गेली नव्हती. तिथं कागदावर चढेल आणि तो कागद फिरत फिरत सांगलीला जाईल, अशी तिला भीती होती, हे काकानं मला नंतर सांगितलं.

"काकी," मी म्हणाले, "हे माझं कॉलेज नव्हे. सांग त्यांना."

तिनं क्षीण आवाजात विचारलं, "तुजा कागुद आला का?"

मला आधी कळलंच नाही. "कसला?"

"डिगरीचा."

"आला की. कधीच आला. फ्रेम करून लावलाय."

"शिक्का हाय?"

"आहे."

"आता परत न्हाईत न्हवं घेनार?"

"नाही गं काकी. कुणी परत घेत नाही."

तिनं डोळे मिटले. मग डॉक्टरकडं मान वळवली.

"मग लिवा," ती म्हणाली. "पयल्या गोळीपासनं."